गाव कुणाच्या नावावर?

गेल्या हिवाळ्यात भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेलो होतो. तिथल्या शाळेत मुलांपुढे कविता वाचायच्या होत्या. धानाची कापणी उरकली होती. बांध्यांमध्ये नुसती धसकटे उभी होती आणि गावाच्या वरच्या अंगाला मोठा तलाव चमकत होता. कविता झाल्या, टाळ्या झाल्या. गुरुजी म्हणाले, “पाहुण्यांना काही विचारायचं असेल तर विचारा.” अशा वेळी मुले सहसा विचारतात, तुम्हाला कविता कशी सुचते. त्याचे उत्तर माझ्याकडे तयार असते. पण सातवीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, आमच्या गावातली तलावाखालची समदी जमीन दोनच घरची कशी काय हाय? त्यायच्या आज्यानं जास्त मेहनत केली असन का?”

वर्ग हसला. गुरुजींनी डोळे वटारले. मी म्हणालो, “पुढच्या वेळी सांगीन,” आणि चहा घेऊन निघालो. नंतर कळले की तिचे वडील त्याच बांध्यांमध्ये रोजीने कापणीला जातात. नागपूरला परतताना बसमध्ये तो प्रश्न माझ्या शेजारी बसून होता.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. बी.ए. झालो आणि पुढची वर्षे कविता करण्यात आणि पोट भरण्यात गेली. पण मुलांना दिलेला शब्द पाळावा लागतो. म्हणून काही महिने वाचत राहिलो, माणसांना विचारत राहिलो. जे हाती लागले ते आज सांगतो.

प्रथम एका शब्दाकडे पाहू. आमच्या घरात उर्दू बोलली जाते, त्यामुळे असे शब्द मला आतून ऐकू येतात. तो शब्द आहे ‘मालगुजार’. आपल्याकडे मालगुजार म्हटले की वाडा, दिवाणखाना, मिशा आणि दाराशी बांधलेला घोडा डोळ्यांसमोर येतो. पण शब्दाचा अर्थ अगदी साधा. माल म्हणजे सारा आणि गुजार म्हणजे भरणारा. मालगुजार म्हणजे सारा भरणारा माणूस. मालक असा त्याचा अर्थ नाही. मग भरणारा मालक कसा झाला? मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे.

नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात गावचा पाटील दरबारासाठी सारा गोळा करी. त्यातला काही भाग त्याला मिळे. मान असे, चांगली जमीनही असे. पण गाव त्याचे नसे. दरबाराची मर्जी फिरली किंवा दुसऱ्याने जास्त रकमेची बोली केली, तर पाटीलकी जाई. इथे रेसिडेंट असलेल्या रिचर्ड जेंकिन्सने या राज्याचा सविस्तर अहवाल लिहिला. तो १८२७ साली छापला गेला. त्यातही पाटील हा गावाचा धनी म्हणून दिसत नाही, वसुलीचा माणूस म्हणूनच दिसतो. ते राज्य गरिबांना गोड होते, असे मला म्हणायचे नाही. सारा जबर होता. वसुली करणारा आणि वसुली देणारा यांच्यातले अंतर तेव्हाही होतेच. पण ते अंतर दगडावर कोरलेले नव्हते.

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी भोसले वारले. पोटी वारस नव्हता. लॉर्ड डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. वाड्यातले हत्ती-घोडे बाजारात विकले गेले, जडजवाहीर कलकत्त्याला लिलावासाठी गेले. या लिलावाची हळहळ आपल्या शहरात आजही बोलून दाखवली जाते. पण त्याहून मोठी देवघेव नंतर झाली आणि तिला ढोलताशे वाजले नाहीत. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. सर रिचर्ड टेंपल हे त्याचे चीफ कमिशनर होते. त्या दशकात गावोगाव जमिनीची मोजणी झाली आणि तीस वर्षांचा बंदोबस्त ठरला. या बंदोबस्तात सरकारने ठरवले की जो गावाचा सारा भरतो, तोच गावाचा मालक.

सरकारची सोय उघड होती. हजारो कास्तकारांच्या दारी जाण्यापेक्षा एका माणसाकडून पैसा घेणे सोपे. शिवाय गावोगाव आपल्या बाजूचा एक वजनदार माणूस तयार होतो. मालगुजाराने कुळांकडून रक्कम गोळा करायची, त्यातला ठरलेला हिस्सा सरकारात भरायचा आणि उरलेला ठेवायचा. गावातल्या पडीत जमिनी, झुडपी जंगल, तलाव, आंब्याची झाडे, बाजाराची जागा हे सगळे त्याच्या नावाखाली आले. ‘सीर’ आणि ‘खुदकाश्त’ म्हणून त्याच्या घरची उत्तम जमीन वेगळी लिहिली गेली.

त्या कागदात गावाचे तीन भाग पडले. पहिल्या ओळीत मालगुजार. त्याखाली कुळे. त्यांच्यातही पायऱ्या होत्या. ज्यांचा हक्क वारशाने चाले ती मौरूसी कुळे वर आणि साधी कुळे खाली. कुळांना संरक्षण देणारे कायदे १८८३, १८९८ आणि १९२० साली आले. त्यांनी थोडाफार आधार दिला. तिसऱ्या भागात सालदार, रोजकरी, गुराखी, कोतवाल. त्यांची नावे जमिनीच्या रकान्यात कुठेच नव्हती. ज्याचे नाव कागदावर नाही, त्याच्या नातवाला वारसा कशाचा मिळणार?

दुसरा बदल असा की मालकी आता विकता येऊ लागली, गहाण टाकता येऊ लागली. पूर्वी पाटीलकी गेली तरी गाव जागच्या जागी राही. आता गावच तारणाला ठेवता येत होते. पाऊस चुकला, लग्न निघाले, सारा वाढला, की सावकाराकडे जायचे. मग कोर्टात फिर्याद आणि हुकूमनामा. अशा रीतीने अनेक गावे शेती न पाहिलेल्या पेढ्यांकडे गेली. कामठीच्या डागा घराण्याची पेढी, नागपूरचे बुटी, चिटणवीस ही नावे आपल्या परिचयाची आहेत. त्यांनी केलेली कामेही आपण पाहतो. कस्तुरचंद पार्कवर आपण सभा ऐकतो. शिर्डीचे समाधी मंदिर ज्या वाड्यात आहे, तो नागपूरच्या गोपाळराव बुटींनी बांधलेला. तेव्हा पैसा वाईट कामाला गेला, असे नव्हे. पण तो खेड्यातून शहरात कोणत्या वाटेने आला, ती वाट लक्षात ठेवायला हवी.

आणखी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. त्या मुलीच्या गावातला तलाव. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत. भंडाऱ्याला तर तलावांचा जिल्हाच म्हणतात. त्यांतले बरेचसे इंग्रजांच्याही आधीचे, गोंड राजांच्या काळापासूनचे. कोहळी समाजाच्या लोकांनी मातीची पाळ घालून पाणी अडवण्याची विद्या इथे रुजवली. मालगुजारीच्या काळात गावाला वेठीला धरून का होईना, पाळीची डागडुजी होई, गाळ निघे. मध्य प्रदेश सरकारने १९५० मध्ये कायदा केला आणि १९५१ मध्ये मालगुजारी संपली. तलाव सरकारजमा झाले. सरकारी कागदात त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात आणि लोकांनी त्याचे केले ‘मामा तलाव’. मामा गेला आणि भाच्यांना कोणी विचारीना, अशी त्या तलावांची गत झाली. गाळ साचला, पाळी फुटल्या. त्या काळी कोणत्या बांधीला आधी पाणी द्यायचे, सरपण कुठून आणायचे, गुरे कुठे चारायची हे ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या कागदात गावोगाव लिहिलेले होते. त्याला आपल्याकडे निस्तार म्हणतात. मालक गेला, पण मालकी गावाकडे आली नाही. ती तहसिलीत गेली. सीर आणि खुदकाश्तीची जमीन मात्र बहुतेक जुन्या घरांकडेच राहिली आणि ती तलावाखालचीच होती.

तेव्हा मुली, तुझ्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे. त्यांच्या आज्याने मेहनत केलीही असेल, पण तुझ्या आज्यानेही केली. फरक मेहनतीचा नव्हता, रकान्याचा होता.

इथे कोणी म्हणेल, ही झाली पूर्व विदर्भाची गोष्ट. वऱ्हाडात तर मालगुजारी नव्हती. हा आक्षेप बरोबर आहे. वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या हाती आले ते १८५३ मध्ये, हैदराबादच्या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी. पुढे १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजामाला वर्षाला २५ लाख रुपये देण्याच्या बोलीवर ते कायमचे पट्ट्याने घेतले. वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी आली. तिथे जो जमीन कसतो त्याचे नाव खातेदार म्हणून लागले. मग वऱ्हाडात तरी सारे सुखी व्हायला हवे होते. झाले नाहीत. कारण तिथे जमिनीवर नाव शेतकऱ्याचे होते, पण पिकाच्या भावावर नव्हते.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत गुलामांच्या घामावर पिकणारा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला. मँचेस्टरच्या गिरण्या अडल्या आणि साऱ्यांचे डोळे वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे लागले. कापसाचे भाव आकाशाला भिडले. बैलांना चांदीचे साज चढले म्हणतात. १८६५ मध्ये युद्ध संपले, गुलामगिरी गेली आणि भाव उतरले. चढत्या भावाच्या भरवशावर काढलेले कर्ज मात्र उतरले नाही. अमेरिकेतला गुलाम मोकळा झाला त्या वर्षी वऱ्हाडातला खातेदार सावकाराच्या वहीत बांधला गेला. दोघांनी एकमेकांचे नावही ऐकलेले नव्हते.

१८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये खामगावच्या कापूसबाजारापर्यंत फाटा गेला आणि त्याच्या उद्‌घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. व्हाइसरॉय एका बाजारपेठेच्या फाट्याला येतो, यावरून त्या कापसाची किंमत ओळखावी. ज्वारीच्या शेतात कापूस आला. कापूस खाता येत नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ पडले तेव्हा हे सर्वांना कळले. १८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती, १९०१ मध्ये ती साडेसत्तावीस लाखांवर आली. दहा वर्षांत माणसे वाढायची, ती कमी झाली. गाडी होती, बाजार होता, तारयंत्र होते. ज्याच्या गाठीला पैसा नव्हता, त्याच्यासाठी धान्य नव्हते.

आता माझ्या घराची गोष्ट सांगतो. कारण या कापसाचा दुसरा धागा आमच्या गल्लीत येतो.

मी नागपूरच्या मोमिनपुऱ्यातला. आमचे पूर्वज उत्तरेकडचे विणकर. १८५७ च्या धामधुमीनंतर तिकडून अनेक मोमीन कुटुंबे कामठीला, नागपूरला, बुऱ्हाणपूरला, मालेगावला आली. त्यांतलेच आम्ही, असे आजी सांगायची. इथे कोष्टी होते, हलबा-कोष्टी होते. उमरेड-पवनीचे रेशीमकाठी कापड नावाजलेले होते. खेड्यापाड्यांत महार समाजाची माणसे जाडेभरडे, टिकाऊ कापड विणायची. आमच्या घरात खड्डामाग होता. माझे आजोबा मराठी बायांसाठी नऊवारी लुगडी विणत. माझी मराठी शाळेत पक्की झाली हे खरे, पण ती घरात आली लुगड्यांच्या वाटेने. कोणत्या सणाला कोणता रंग खपतो, कोणत्या गावच्या बायांना कसा काठ लागतो, हे आजोबांना ठाऊक असे.

या विणकरांचे काय करायचे, याचाही विचार साहेबलोकांनी करून ठेवला होता. हॅरी रिव्हेट-कार्नाक नावाचे अधिकारी १८६० च्या दशकात मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे कापूस आयुक्त होते. त्यांनी लिहिलेल्या मजकुराचा आशय असा, की या भागात रेल्वेची शाखा काढली तर विलायती कापड देशी कापडापेक्षा स्वस्त विकता येईल. मग जो कापूस इथेच सूत होऊन खपतो, तो निर्यातीला मिळेल. आणि कताई-विणाईत गुंतलेली माणसे शेतमजुरीला उपलब्ध होतील.

मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. यात राग नाही, द्वेष नाही. हिशेब आहे. माझ्या आजोबांच्या बोटांतली कला हा त्या हिशेबात अडकून पडलेला कापूस होता आणि स्वतः आजोबा म्हणजे एक रिकामा मजूर. पुढे बहुतांशी तसेच घडले. सूत कातणाऱ्या बायांची चाती आधी थांबली. जाडेभरडे विणणारे त्यानंतर. बारीक काम करणारे सर्वांत शेवटी.

त्यानंतर जमशेटजी टाटा आले. १ जानेवारी १८७७ रोजी, राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले त्याच दिवशी, नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. जागा दलदलीची होती, भर घालावी लागत होती. एक सावकार म्हणाला की हा गृहस्थ खड्ड्यात सोने ओततो आहे. पुढे त्यानेच कबूल केले की त्यांनी माती टाकली आणि सोने काढले, अशी गोष्ट सांगतात. ही मिल त्या काळी देशातली नमुनेदार मिल होती. नवी यंत्रे होती, कामगारांसाठी निवृत्तिवेतनाची तजवीज होती. गावात ज्यांना विहिरीवर पाणी मिळत नव्हते, त्यांच्या हातात इथे महिन्याच्या महिन्याला रोकड पगार पडू लागला. त्या पगारातून मुले शिकली. नागपूरच्या दलित चळवळीच्या उभारणीत गिरणीकामगारांचा मोठा वाटा आहे. हे श्रेय दिलेच पाहिजे. ती मिल पुढे सरकारी महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद झाली.

पण आमच्या गल्लीत काय झाले ते मला सर्वांत जवळून ठाऊक आहे. सूत महाग झाले तेव्हा ते रोखीने घेण्याची ताकद विणकरांत राहिली नाही. मग महाजन आला. तो सूत उधार देई, कापड घरून उचलून नेई आणि हिशेब वहीत लिही. मागही आमचा, घरही आमचे, पण कापड त्याचे. हा महाजन कोणी परका नव्हता. आमच्याच नात्यातला होता. अब्बा त्याला ‘भाईजान’ म्हणत, आम्ही मुले ‘बडे अब्बा’ म्हणायचो. ईदेला तो आम्हाला गळ्याशी धरी, हातावर नवी नोट ठेवी. दुसऱ्या दिवशी अब्बा त्याच्या दुकानी जाऊन वहीत अंगठा उठवीत. माझी मोठी बहीण चौथीतून निघाली आणि कांड्या भरायला बसली. बडे अब्बांची मुलगी दहावी झाली. एकाच दादा-परदादाच्या पोटची ही दोन घरे. तीस पावलांचे अंतर. एकाच घराण्यात, एकाच मोहल्ल्यात, एका पिढीत हे झाले. इंग्रज तेव्हा इथे नव्हताही.

म्हणून सारा दोष साहेबावर टाकून मोकळे होणे मला जमत नाही. साहेबाने रकाने आखले. त्यांत आपली नावे भरायला आपल्यातलेच पुढे झाले. आणि रकाना एकदा भरला की त्यात बसलेला माणूस चांगला असला तरी उठत नाही. बडे अब्बा चांगलेच होते.

आता आजच्याकडे येऊ. विदर्भावर अन्याय झाला, हे वाक्य नागपुरात लहान मूलही म्हणते. त्याला आधार आहे. नागपूर ही मध्य प्रांत-वऱ्हाडची आणि नंतरच्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. १९५६ मध्ये ती गेली. १९५३ च्या नागपूर कराराने जी वचने दिली, त्यांतले दिसते ते हिवाळी अधिवेशन. १९८३ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने १९८४ मध्ये राज्याच्या असमतोल विकासाचा हिशेब मांडला. एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा निघाला आणि त्यांतला १,२४६ कोटींहून अधिक, म्हणजे ३९ टक्के, एकट्या विदर्भाचा. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली, २०२० मध्ये त्यांची मुदत संपली. २००६ मध्ये शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे पंतप्रधान मनमोहन सिंग इथे आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा. १८७० साली ज्या कापसासाठी व्हाइसरॉय आले होते, त्याच कापसाचे हे जिल्हे.

हे सगळे खरे आहे. पण माझा एक प्रश्न आहे. पुणे आणि नागपूर यांच्यातला अनुशेष आपण रुपयापर्यंत मोजला. नागपूर आणि गडचिरोली यांच्यातला कोण मोजणार? नागपूर जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न राज्यातल्या वरच्या जिल्ह्यांत आहे आणि गडचिरोलीचे तळाच्या. त्याच्याही पुढे जाऊन, एका गावातल्या तलावाखालच्या आणि तलावापलीकडच्या घरांतला अनुशेष कोणत्या समितीने काढायचा? त्याच्यासाठी मोर्चा निघत नाही. कारण मोर्चाच्या पुढे चालणारा आणि मागे चालणारा यांच्यातच तो अनुशेष असतो.

अर्थशास्त्रज्ञांनी याचा माग काढला आहे. अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर यांचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. बॅनर्जींना पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळाले. त्यांनी देशभरातल्या जिल्ह्यांची तुलना केली. इंग्रजांनी जिथे सारावसुली जमीनदार-मालगुजारांच्या हाती दिली होती ते जिल्हे, आणि जिथे ती थेट कास्तकाराशी ठेवली ते जिल्हे. जमीनदारी जाऊन कित्येक वर्षे झाल्यावरही पहिल्या प्रकारचे जिल्हे शेतीतल्या गुंतवणुकीत आणि पिकांत मागे होते. शाळा आणि दवाखान्यांच्या बाबतीतही मागे होते. कायदा गेला तरी सवय उरते. जिथे गावाने एकत्र येऊन काही मागायची रीतच मोडून टाकलेली असते, तिथे शाळाही उशिरा येते.

मग हे असेच चालायचे का? नाही. एक उदाहरण गडचिरोलीचेच आहे. धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा नावाचे छोटे गोंड गाव आहे. त्या भागावर एके काळी जमीनदारी होती, मग जंगल सरकारचे झाले. गावकऱ्यांना आपल्याच जंगलात बांबू तोडणे गुन्हा ठरले. या गावाने वर्षानुवर्षे अभ्यासगट चालवला, जुने निस्तार हक्काचे कागद शोधले, सगळ्यांच्या संमतीने निर्णय घ्यायची रीत पाडली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणारे ते देशातले पहिले गाव ठरले. जंगल सुमारे १,८०० हेक्टर. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. तिथे रकान्यात एका माणसाचे नाव नाही. गावाचे आहे. टेंपलसाहेबांच्या बंदोबस्तात जी जागा मालगुजाराला मिळाली, ती दीडशे वर्षांनी एका ग्रामसभेने मागून घेतली.

मेंढ्याने सगळे प्रश्न सुटले, असे मी म्हणत नाही. पण माणसांनी लिहिलेला कागद माणसांना बदलता येतो, एवढे तिथे दिसते. नशिबाचे तसे नसते. म्हणून तर आपल्याला नेहमी नशिबाचे नाव सांगितले जाते.

त्या मुलीला मी हे भाषण ऐकायला सांगितले आहे. गुरुजींना फोन केला, ते म्हणाले, वर्गात रेडिओ लावू. तेव्हा आता तिच्याशीच दोन शब्द बोलतो.

बाळ, तू विचारलेस त्या दिवशी मी उत्तर टाळले, ते मला ठाऊक नव्हते म्हणून. थोडे भ्यालोही होतो, कारण त्या दोन घरांतल्याच एका घरी माझे जेवण होते. जेवण चांगले होते, माणसे चांगली होती. त्यांच्याशी भांडू नकोस. तुझ्या गावाची जुनी मिसल जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात मिळू शकेल. जातीच्या दाखल्यासाठी लोक जुने कागद काढतात ना, तसेच ते कागद. गुरुजींना घेऊन जा. पहिल्या ओळीत कुणाचे नाव आहे ते बघ. मग खाली खाली वाचत जा. तुझ्या आज्याच्या बापाचे नाव कुठे सापडते का ते बघ. बहुधा सापडणार नाही. सापडले नाही तर रडू नकोस, वहीत लिहून ठेव. तलावाच्या पाण्याबद्दल आणि निस्ताराबद्दल काय लिहिले आहे तेही उतरवून घे. ते सगळ्या गावाचे आहे, त्यात तुझे घरही येते.

माझ्या बहिणीला कोणी असे सांगितले नाही. ती आता साठीची आहे. तिला आकडे वाचता येतात, नाव लिहिता येते, त्यापलीकडे नाही. हे भाषण लिहून झाले तेव्हा मी ते तिला वाचून दाखवले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “बडे अब्बांची ती वही कुठे असेल रे आता?”

मी म्हणालो, माहीत नाही. ती म्हणाली, “असती तर बघितलं असतं. अब्बांकडे किती निघत होते, ते शेवटपर्यंत कुणी सांगितलंच नाही.”

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)